भोंग्याआधी ऐकून घेणारे चाचा

गयाबाईवर, तिच्याबरोबर ढोकीकडच्या गाडीनं कामाला येणाऱ्या सगळ्या बायांवर आणि आमच्या शेजारच्या चाचांवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीनंतर, कापसाचं जिनिंग सुरू झालं त्या पहिल्या सोमवारी, सकाळी भोंग्याच्या वेळेला, येडशी स्टेशनाजवळच्या जिनिंगच्या फाटकात, भर उजेडात, सगळ्यांच्या देखत. हा जिल्हा मी पत्रकं वाटत पायाखाली घातलाय. जळकोटच्या सडकेवर वाटली, माकणीच्या बाजारात वाटली. बोलणारी माणसं मला पोत्यानं भेटली. त्यात मीही एक पोतं. पण समोरच्याचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच भेटला, आणि नेमका तोच जिनिंगवाल्यांना कामावरून काढायला सापडला.

चाचा म्हणजे छोट्या लाइनीवरचे निवृत्त स्टेशनमास्तर. माझ्या वडिलांचे दोस्त, घराला घर लागून. अंगानं इतके किडकिडीत की गाडी जवळून गेली की लोक आधी चाचांकडं बघायचे, आहेत का उडाले. रेल्वेत त्यांना एक रीत शिकवलेली होती. गाडी पुढं सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, पुढच्यानं ते विचारणं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, ह्यांनी ‘बरोबर’ म्हणायचं आणि मगच हिरवा झेंडा. चाचांच्या उभ्या नोकरीत दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत. ह्याचं श्रेय ते इंजिनाला देत नसत, ड्रायव्हरला देत नसत, ह्या परत म्हणण्याला द्यायचे. “बेटा, गाडी रुळावर न्हाय आदळत,” ते मला सांगायचे, “आधी बोलण्यात आदळती, मग रुळावर.” निवृत्त झाले तेव्हा रेल्वेनं त्यांच्याकडून टोपी परत घेतली, कंदील परत घेतला, शिट्टी परत घेतली. ही सवय तेवढी परत घ्यायची राहून गेली, आणि ती घेऊन चाचा घरी आले.

घरात पहिला फटका चाचींना बसला. त्यांचं आपसातलं बोलणं दखनीत चालायचं, पण भिंत पातळ असल्यामुळं ते आम्हाला मराठीतच ऐकू आल्यासारखं पाठ आहे. चाची म्हणायच्या, “लाकडं वल्ली हायेत, चूल पेटत न्हाय, चहा उशिरा व्हईल.” चाचा खुर्चीत सरळ बसायचे. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, लाकडं ओली, म्हणून चहा उशिरा. बरोबर?” “बरोबर.” “आणि लाकडं म्या आणली, असंबी त्यात आत हाय काय?” “आत व्हतंच की!” चाची फुंकणी आपटायच्या. “म्या झाकून ठेवलं व्हतं, तुमी बाहेर काढलं!” एवढं झाल्यावर दोघंही हसायचे आणि चहा आणखी उशिरा व्हायचा. न्हाव्याकडं तर परिस्थिती गंभीर होती. न्हावी वस्तरा लावून म्हणायचा, “चाचा, मान वर.” चाचा वस्तऱ्याखालूनच विचारायचे, “म्हणजे मान वर. बरोबर?” त्यामुळं दर शुक्रवारी नमाजाला निघालेल्या चाचांच्या हनुवटीवर तुरटीचा एक पांढरा ठिपका असायचा. न्हाव्यानं पुढं पुढं खुणांनीच काम भागवायला सुरुवात केली. तर चाचा खुणासुद्धा परत करून दाखवायला लागले.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण एकदा आमच्या गल्लीत एक म्हातारे गेले आणि भेटायला येणारा जो तो त्यांच्या बायकोला एकच सांगायचा, “धीर धरा, सगळ्यांना जायचंय.” बाई आणखी रडायची. चाचा भेटायला गेले आणि खाली सतरंजीवर बसले. बाई रडत रडत म्हणाली, “गेले ते गेले, कोठीची किल्ली कुठं ठिवली ते बी सांगितलं न्हाय.” आम्ही सगळे माना हलवून “धीर धरा” म्हणणार, एवढ्यात चाचा म्हणाले, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, ते गेले, आणि किल्लीचं बोलून गेले न्हायेत. बरोबर?” मला वाटलं आता हे मार खाणार. बाईनं डोळे पुसले. म्हणाली, “बरोबर. आन् हे पहिल्यांदा न्हाय चाचा. आमच्या लग्नात बी मंगळसूत्र कुठं ठिवलं ते इसरले व्हते.” आणि मग ती लग्नापासून सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत सांगत राहिली. चाचा प्रत्येक वळणावर “बरोबर?” विचारत होते आणि बाई मधूनमधून चक्क हसत होती. किल्ली मिळाली नाही. पण त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा जेवण झालं.

मला त्यांनी सोडलं असेल असं समजू नका. माझी पत्रकं आधी चाचांना वाचून दाखवायची, असा माझ्या वडिलांचा हुकूम होता. वडिलांना वाटायचं, चाचा मला जरा सौम्य करतील. मी अंगणात उभा राहून एकदा दीड हात लांबीचं पत्रक वाचलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, किती काळ सहन करणार’ इथून निघालो तो ‘जाहीर निषेध असो’ इथं येऊन थांबलो. घाम आला होता. चाचा विचारात पडले. म्हणाले, “म्हणजे तुझं म्हणणं असं, तुला लई राग आलाय. बरोबर?”

“बरोबर! पण कशाचा ते लिहिलंय की त्यात!”

“ते अजून आलं न्हाय बेटा. परत वाच.”

मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा फक्त रागच पोचला. शेवटी चिडून मी म्हणालो, “चाचा, बाया फाटकाबाहेर बसतात! दुपारपर्यंत! हे पोचतंय का?” चाचांनी मान डोलावली. “हां. हे आलं. एवढंच छाप.” मी अर्थातच एवढंच छापलं नाही. चळवळीत एका ओळीचं पत्रक कोण वाटतं?

तर आता त्या बायांचं. निवृत्तीनंतर चाचांना जिनिंगमध्ये भोंगेवाल्याची जागा मिळाली. वेळेवर भोंगा द्यायचा, फाटक लावायचं, आत आलेल्यांची हजेरी घ्यायची. ज्याची हयात गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली त्याला ही जागा म्हणजे बढतीच. भोंग्याची साखळी ओढताना चाचा पायाच्या चवड्यांवर उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. जिनिंग म्हणजे यंत्रांचा असा खडखडाट, की तिथं प्रत्येक माणूस ओरडूनच बोलतो आणि दुसऱ्याचं ऐकू येत नाही म्हणून आणखी ओरडतो. हळूहळू यंत्रं बंद असतानाही ओरडायची सवय लागते. कापूस निवडायला येणाऱ्या बाया ढोकीकडच्या गाडीनं यायच्या. गाडी उशिरा आली की भोंगा होऊन गेलेला, फाटक बंद. मग दुपारच्या भोंग्यापर्यंत बाभळीखाली बसायचं आणि अर्ध्या दिवसाचा खाडा. ह्या बायांची पुढारी गयाबाई. ती मॅनेजरसाहेबांकडं तक्रार घेऊन गेली. तिचं पहिलं वाक्य पुरं होण्याआधी साहेब म्हणाले, “समजलं, काम कमी पाहिजे.” ती यंत्रं बघणाऱ्या मिस्त्रीकडं गेली, मिस्त्री म्हणाला, “समजलं, बसायला सावली पाहिजे,” आणि त्यानं आणखी एक बाभळ लावायची तजवीज केली. ती माझ्याकडं आली, मी म्हणालो, “समजलं गयाबाई, ही भांडवलशाहीची सरळसरळ...” गयाबाई म्हणाली, “तुमी बी समजलाच व्हय?” आणि निघून गेली. शेवटी ती चाचांपाशी बसली.

चाचांनी ठरवलं, बैठक घ्यायची आणि रेल्वेच्या रीतीनं घ्यायची. समोरच्याचं म्हणणं त्याच्या मनासारखं परत सांगितल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. मध्ये बोलला तर लाल झेंडा, बरोबर सांगितलं तर हिरवा. रेल्वेचे झेंडे रेल्वेकडं गेलेले, म्हणून चाचींनी नवे शिवून दिले. हिरवा एका जुन्या ओढणीचा, लाल कशाचा ते चाचींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचा दोन्ही झेंडे काखेत मारून, मागं सगळ्या बाया घेऊन मॅनेजरच्या खोलीकडं निघाले. चालता चालता हिरवा आत राहिला आणि लाल वाऱ्यावर उलगडला.

पुढचं मी स्वतः पाहिलं. मॅनेजरसाहेबांनी खिडकीतून बघितलं, “संप! लाल झेंडा!” असं ओरडून दार लावलं, कडी घातली आणि दाराला टेबल लावलं. इकडं फाटकापाशी उभ्या असलेल्या मला वाटलं, शेवटी चाचा आमच्यात आले! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी बेंबीच्या देठापासून घोषणा दिली, “इन्किलाब!” बायांना वाटलं हेही ठरलेलंच असेल, त्या म्हणाल्या, “झिंदाबाद!” चाचा थांबले, वळले, बायांकडं बघून त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, इन्किलाब झिंदाबाद व्हावा. बरोबर?” बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गयाबाई म्हणाली, “ते ह्या पोराचं म्हणणं हाय चाचा. आमचं येगळं हाय.” मग चाचा दारापाशी गेले आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, “साहेब, म्हणजे तुमचं म्हणणं असं, तुम्ही आत हायेत आणि दार उघडणार न्हाय. बरोबर?”

“बरोबर!” आतून आवाज आला.

“पोचलं. आता आमचं ऐका.”

साहेबांच्या आयुष्यात त्यांचं म्हणणं कुणी असं पहिल्यांदाच जसंच्या तसं घेतलं असावं. टेबल सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

बैठक कापसाच्या ढिगापाशी झाली. गयाबाई उभी राहिली. “सायेब, आमी घरून पहाटं निघतो. गाडी कधी येळंवर येती, कधी न्हाय. आमी डब्यात बसूनच तुमचा भोंगा ऐकतो. भोंगा झाला म्हून गाडीच्या म्होरं पळता येत न्हाय. आमचं म्हणणं इतकंच, गाडी आली की भोंगा द्या.”

साहेब म्हणाले, “समजलं. म्हणजे ह्यांना उशिरा यायची सवलत पाहिजे.”

लाल झेंडा.

“म्हणजे ह्यांना रेल्वेचं टाइमटेबल बदलून पाहिजे. ते काय माझ्या हातात आहे का?”

लाल झेंडा.

“म्हणजे ह्यांचं म्हणणं, सगळं माझ्यामुळं होतंय!”

“तुमचं तर नाव बी घेतलं न्हाय सायेब,” गयाबाई म्हणाली. लाल झेंडा. मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, “ह्या श्रमिक भगिनींचा हुंकार...” तर झेंडा माझ्याकडं वळला. लाल झेंड्याखाली उभं राहून मी किती भाषणं केली असतील. लाल झेंड्यानं मला खाली बसवलं ही पहिलीच वेळ.

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग हळूहळू, ठेचाळत म्हणाले, “ह्या घरून पहाटं निघतात. गाडीत बसून आपला भोंगा ऐकतात. आणि...” ते थांबले. “आणि गाडीच्या पुढं पळता येत नाही.” स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू गेलेलं दिसलं. त्यांनी गयाबाईला विचारलं, “बरोबर?”

“बरोबर, सायेब.”

हिरवा झेंडा. बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेब चक्क लाजले. पण चाचा कुठले सोडतात. म्हणाले, आता साहेबांचं म्हणणं गयाबाईनं सांगायचं. साहेबांनी सांगितलं, भोंगा झाला की इंजिन चालू करावं लागतं, माणसं नसली तर यंत्रं रिकामी फिरतात, तेल जळतं, आणि मालक सोलापुरातून त्याचाच जाब विचारतात. जाब देताना रात्री जेवण जात नाही. गयाबाईनं पदर खोचला, जरा विचार केला आणि म्हणाली, “म्हंजी सायेब, तुमाला बी कुणीतरी भोंगा देतंय, आन् तुमी बी गाडीतच बसलाय. बरोबर?”

साहेब खाली बघून म्हणाले, “बरोबर.” झेंडा वर करायचं चाचा विसरले.

भोंगा गाडीनंतर द्यायचा ठरलं. बाया संध्याकाळी तेवढा वेळ जास्त थांबणार, इंजिन रिकामं फिरणार नाही. तो अख्खा हंगाम गाडी येडशीत शिरली, तिची शिट्टी ऐकू आली की चाचा चवड्यांवर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि साखळी ओढायचे. एकदाही फाटकाबाहेर कुणी बसलं नाही. शिवाय अख्ख्या जिनिंगला चाचांची बाधा झाली. मिस्त्री आणि यंत्रांना तेल घालणारा तेलवाला भांडायला लागले, की मिस्त्री म्हणायचा, “म्हणजे तू मला गाढव म्हणतोयस. बरोबर?” तेलवाला म्हणायचा, “बरोबर.” आणि मग पुढं काय करायचं हे दोघांनाही सुचायचं नाही. भांडणं अशी धडाधड मरायला लागली. मॅनेजरसाहेब तर घरी जाऊन बायकोला “बरोबर?” विचारायला लागले, ती घाबरून वैद्याकडं जाऊन आली.

आणि मग तो सोमवार. नवा हंगाम, पहिला दिवस. मालक मोटारीनं आले, ते सरळ फाटकात उतरले. गाडीचा पत्ता नव्हता. चाचा नेहमीसारखे दोन्ही झेंडे घेऊन साखळीपाशी, स्टेशनाकडं कान लावून उभे. मालकांनी विचारलं, “भोंगा का झाला नाही?”

चाचा अदबीनं म्हणाले, “म्हणजे मालकांचं म्हणणं असं, भोंगा का झाला न्हाय. बरोबर?”

“माझी नक्कल करतोस?”

“म्हणजे मालकांचं म्हणणं असं, म्या नक्कल करतो. बर...”

“थोबाड बंद कर आणि भोंगा दे! ते गाडीबिडीचं मला सांगू नकोस, मी...”

मालक मध्येच बोलले होते. चाचांचा हात आपोआप वर गेला. त्या हातात लाल झेंडा होता.

मी तिथं होतो. मालकांचा चेहरा झेंड्याच्या रंगाचा झाला. शेजारी मॅनेजरसाहेब उभे होते. सगळं त्यांना ठाऊक होतं, भोंग्याचं खुद्द त्यांनी ठरवलं होतं. टोपी काढली, परत घातली, एवढंच. ‘उलट बोलतो आणि लाल झेंडा दाखवतो’ म्हणून चाचांना उभ्या जागी काढलं. जो माणूस जन्मात उलट बोलला नाही, फक्त परत बोलला, त्याला! मिस्त्रीला साखळी ओढायला लावली, फाटक लावलं. त्यानंतर गाडीची शिट्टी झाली. गयाबाई आणि सगळ्या बाया डबे सांभाळत सडकेनं पळत येताना मी बघितल्या. बाभळीच्या सावलीला तेवढी आता जागा जास्त होती, मिस्त्रीनं लावलेल्या झाडामुळं.

मी पत्रक काढलं. लांबलचक काढलं. सगळ्यांनी घेतलं, कुणी त्यात भजी बांधली, कुणी खरंच वाचलं आणि म्हणालं, “समजलं.”

चाचा आता सकाळी स्टेशनाच्या बाकड्यावर बसतात. फाटक बंद असलं, की बाया बाभळ सोडून त्यांच्यापाशी येतात आणि दुपारच्या भोंग्यापर्यंत एकेक जण काहीबाही सांगते. चाचा विचारतात, “बरोबर?” गाड्या येतात, जातात. परवा मी त्यांच्याशेजारी बसून तासभर मालकाच्या, मॅनेजरच्या, सगळ्या व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडली. मी दमलो तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तुझं म्हणणं असं बेटा, तुला वाईट वाटलं. बरोबर?” मला ‘निषेध’ म्हणायचं होतं. पण तोंडातून “बरोबर” एवढंच आलं.

मग माझ्या ध्यानात आलं की ह्या माणसाला, एवढ्या वर्षांत, कुणी उलटून विचारलेलं नाही. मी म्हणालो, “चाचा, तुमचं म्हणणं काय?”

ते गोंधळले. हनुवटीवरचा तुरटीचा ठिपका त्यांनी चाचपला. रुळांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मला भोंगा द्यायला लई आवडायचं.”

“म्हणजे तुमचं म्हणणं असं,” मी म्हणालो, “तुम्हाला भोंगा द्यायला लई आवडायचं. बरोबर?”

“बरोबर,” चाचा म्हणाले, आणि पायाच्या चवड्यांवर किंचित उभं राहिल्यासारखे झाले.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलतो. मागण्या दोन आहेत: भोंगा गाडीनंतर द्या, आणि साखळी चाचांच्या हातात परत द्या. ‘समजलं’ म्हणू नका. ‘समजलं’ पुष्कळ जण म्हणाले. मी काय म्हणालो ते आधी मला परत सांगा, मोठ्यानं, मध्ये ‘पण’ न घालता. मी इथं बाकड्यावरच बसलोय. बोला.